पदनाम एक, वेतनश्रेण्या दोन: एका महानगरपालिकेतील वेतन प्रमाणीकरणाचे प्रकरण

हे प्रकरण महाराष्ट्रातील एका 'ड' वर्ग, म्हणजे सर्वांत खालच्या वर्गातील, महानगरपालिकेचे आहे. शहराचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. महापालिकेच्या अधिकारी-कर्मचाऱ्यांचे वेतन व भत्ते राज्याने ठरवलेल्या प्रमाणित श्रेणींत बसवताना कोणते निर्णय घ्यावे लागले, ते कशाच्या आधारे घेतले गेले आणि त्यांपैकी कोणते टिकले, हे अशाच कामात असलेल्या लेखा व आस्थापना विभागातील सहकाऱ्यांना कळावे, यासाठी ही मांडणी केली आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 नुसार आयुक्तांचे वेतन राज्य शासन ठरवते आणि ते महापालिका निधीतून दिले जाते. इतर अधिकारी व सेवकांसाठी कलम 51 ची व्यवस्था आहे. पदांची संख्या, पदनामे, श्रेणी, वेतन व भत्ते यांचे विवरणपत्र आयुक्तांनी तयार करावे आणि स्थायी समितीने ते जसेच्या तसे किंवा फेरबदलासह मंजूर करावे, असे हे कलम सांगते. नवीन पदनिर्मितीला मात्र शासनाची मान्यता लागते. म्हणजे वेतन ठरवण्याचा पहिला अधिकार स्थानिक संस्थेकडे आहे आणि शेवटचा शब्द बऱ्याच अंशी राज्याकडे आहे. या दोहोंमधल्या जागेत अनेक महापालिकांनी वर्षानुवर्षे आपापले ठराव केले.

आपल्या प्रकरणातील महापालिका पूर्वी नगरपरिषद होती. नगरपरिषदेच्या काळातील कर्मचारी त्यांच्या जुन्या श्रेणींसह महापालिकेत आले. सहावा वेतन आयोग लागू करताना महासभेने काही पदांना राज्यापेक्षा वरचे ग्रेड वेतन (पदाच्या दर्जानुसार वेतनात मिळवली जाणारी ठरावीक रक्कम) दिले. राज्यात लिपिक-टंकलेखकाचे ग्रेड वेतन 1,900 रुपये होते. येथे कर विभागातील लिपिकांना 2,400 रुपये देण्यात आले आणि काही महिन्यांतच उरलेल्या विभागांतील लिपिकांनाही तेच मिळाले. मुकादम, व्हॉल्व्हमन, स्वच्छता निरीक्षक, कर निरीक्षक अशा पदांबाबतही वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे ठराव झाले. शासनाची स्वतंत्र मान्यता कोणत्याही ठरावाला घेतली गेली नव्हती. लेखापरीक्षकांनी आक्षेप घेतले, अनुपालन अहवालात 'कार्यवाही सुरू आहे' असे उत्तर गेले आणि आक्षेप पुढच्या वर्षात ओढले गेले.

सातव्या केंद्रीय वेतन आयोगाच्या शिफारशी 1 जानेवारी 2016 पासून लागू झाल्या. राज्याने स्वतः नेमलेल्या बक्षी वेतन समितीच्या अहवालानंतर 30 जानेवारी 2019 रोजी सुधारित वेतन नियम अधिसूचित केले आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये नागरी स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठीही मार्ग मोकळा केला. त्यासोबतच्या अटी महत्त्वाच्या होत्या: महापालिकेतील पदाची वेतनश्रेणी राज्यातील समकक्ष पदापेक्षा अधिक नसावी, आस्थापना खर्चाची, म्हणजे कर्मचाऱ्यांवरील खर्चाची, 35 टक्क्यांची मर्यादा पाळावी आणि वाढीव भार महापालिकेने स्वतःच्या उत्पन्नातून उचलावा.

ही तिसरी अट या शहराला जड होती. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही गेला आणि 1 जुलै 2017 नंतर उत्पन्नाचा मोठा भाग वस्तू व सेवा कराच्या भरपाईवर आला. मालमत्ता कराची वसुली कमकुवत होती. आस्थापना खर्चाने 35 टक्क्यांची रेषा आधीच ओलांडली होती.

प्रश्न नेमका कोणता होता

वरवर पाहता प्रश्न हिशेबाचा होता. सहाव्या आयोगातील वेतन बँडमधील वेतन आणि ग्रेड वेतन यांच्या बेरजेला 2.57 ने गुणायचे आणि वेतन मॅट्रिक्समधील (स्तर व वार्षिक टप्पे दाखवणाऱ्या वेतनतक्त्यातील) योग्य टप्पा शोधायचा, एवढेच काम आहे, असे कर्मचारी संघटनांचे म्हणणे होते. पण गुणाकार कोणत्या आकड्यापासून सुरू करायचा, हाच वाद होता. 1,900 ग्रेड वेतनाच्या पदाला राज्याच्या मॅट्रिक्समध्ये एस-6 स्तर मिळतो आणि तो 19,900 रुपयांपासून सुरू होतो. 2,400 च्या पदाला एस-8 मिळतो आणि तो 25,500 पासून सुरू होतो. सहाव्या आयोगात ग्रेड वेतनातला 500 रुपयांचा दिसणारा फरक सातव्यात सुरुवातीच्या मूळ वेतनातच 5,600 रुपयांचा झाला, आणि महागाई भत्ता व घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या टक्केवारीत असल्याने प्रत्यक्ष फरक त्याहून मोठा होता.

त्यामुळे 'समकक्ष पद' कोणते हे कोणी आणि कशावरून ठरवायचे, हा या प्रकरणाचा गाभा ठरला. माझ्या मते पुढच्या सगळ्या अडचणी याच एका प्रश्नाला दिलेल्या घाईच्या किंवा अपुऱ्या उत्तरांतून निर्माण झाल्या.

विचारात घेतलेले पर्याय

आयुक्तांसमोर सुरुवातीला चार मार्ग मांडले गेले.

पहिला मार्ग चालू श्रेणींना 2.57 ने गुणून तसाच ठराव करण्याचा होता. तो संघटनांना मान्य होता आणि महासभेत विनाविरोध मंजूर झाला असता. परंतु अधिनियमाच्या कलम 451 खाली शासन असा ठराव निलंबित आणि नंतर विखंडित, म्हणजे रद्द, करू शकते. तोपर्यंत दिलेले वेतन अतिप्रदान, म्हणजे जादा दिलेली रक्कम, ठरले असते.

दुसरा मार्ग राज्यातील पदनामांची यादी समोर ठेवून नावाला नाव जोडण्याचा होता. हे काम आठवड्याभरात झाले असते. उपअभियंता, लिपिक, वाहनचालक या पदांना ते लागूही पडते. मात्र मुकादम हे पद राज्याच्या कोणत्याच विभागात त्या अर्थाने नाही, आणि महापालिकेचा स्वच्छता निरीक्षक व राज्याच्या आरोग्य सेवेतील निरीक्षक यांची नावे जवळची असली तरी कामे फार वेगळी आहेत.

तिसरा मार्ग प्रत्येक पदाची कर्तव्ये तपासून समकक्षता ठरवण्याचा आणि ज्यांचे वेतन त्यामुळे कमी होते त्यांना संरक्षण देण्याचा होता. चौथा मार्ग निर्णय पुढे ढकलून दरम्यान अंतरिम वाढ देण्याचा होता. चौथ्या मार्गाला मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांनी ठाम विरोध केला. अंतरिम रक्कम एकदा पगारात आली की ती हक्काची मानली जाते आणि पुढे कोणत्याही समायोजनाला विरोध होतो, हे त्यांचे म्हणणे योग्य होते.

तिसरा मार्ग निवडला गेला. त्यासाठी वेळ लागणार हे संघटनांना लेखी कळवण्यात आले, पण किती लागणार हे सांगितले गेले नाही. 2020 मध्ये कोविडची साथ आली, सर्व यंत्रणा त्या कामाला जुंपली गेली आणि कर्मचाऱ्यांचा अविश्वास वाढत गेला.

समिती आणि लेखापरीक्षकाचे स्थान

अतिरिक्त आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मुख्य लेखापरीक्षकांना सदस्य करावे की नाही यावर बराच विचार झाला. ते सदस्य असते तर पुढील आक्षेप टळले असते, असा एक विचार होता. पण ज्या निर्णयाचे परीक्षण त्यांना नंतर करायचे आहे त्यावर आधीच त्यांची सही घेणे योग्य नव्हते. त्यांनी प्रत्येक टप्प्यावर लेखी अभिप्राय द्यावा, मतदान करू नये, असे ठरले. हा निर्णय पुढे फार उपयोगी पडला, कारण शासनाकडे गेलेल्या प्रस्तावात त्यांचे प्रतिकूल अभिप्रायही जोडलेले होते आणि त्यामुळे प्रस्तावाची विश्वासार्हता वाढली.

समकक्षतेचे काम

समितीने प्रत्येक पदासाठी एक पत्रक तयार केले. त्यात सेवाप्रवेशाची अर्हता, नेमणुकीचा मार्ग, हाताखालील कर्मचारी, आर्थिक अधिकार, कामाच्या वेळा आणि पदोन्नतीची पुढची पायरी एवढ्याच गोष्टी होत्या. पदे तीन गटांत विभागली गेली: राज्यात थेट समकक्ष असलेली, जवळपास समकक्ष असलेली आणि समकक्ष नसलेली.

पहिल्या गटाचे काम पटकन झाले. दुसऱ्या गटात कर निरीक्षक, स्वच्छता निरीक्षक आणि अग्निशमन विभागातील काही पदे होती. तिथे अर्हता आणि हाताखालील माणसे हे दोन निकष निर्णायक मानले.

तिसरा गट छोटा होता, पण शहर ज्यांच्या हातांवर चालते ती माणसे त्यातच होती. व्हॉल्व्हमन पहाटेपासून पाणी सोडतो, गळती त्याला सर्वांत आधी कळते आणि त्याच्या एका चुकीने संपूर्ण भाग कोरडा राहतो, तरी सेवाप्रवेश नियमांत त्याची अर्हता फारशी नोंदवलेली नव्हती. केवळ कागदावरून श्रेणी ठरवली असती तर तो सर्वांत खालच्या एस-1 मध्ये, म्हणजे 15,000 रुपयांच्या सुरुवातीत गेला असता. समितीने येथे पाणीपुरवठ्याचेच काम करणाऱ्या महाराष्ट्र जीवन प्राधिकरणातील पदांशी तुलना केली. मुकादमाबाबत बाहेरची तुलना शक्यच नव्हती, म्हणून अंतर्गत क्रम हा निकष लावला: ज्याच्या हजेरीपत्रकावर सफाई कामगारांची नोंद होते त्याचा स्तर त्यांच्या वर असला पाहिजे आणि ज्या निरीक्षकाला तो उत्तर देतो त्याच्या खाली असला पाहिजे. हा तर्क साधा आहे. तरी तो लिहून काढेपर्यंत प्रत्येक बैठकीत वाद होत राहिला.

लिपिकांचा प्रश्न

सर्वांत कठीण निर्णय लिपिकांचा होता. त्यांची संख्या मोठी होती, संघटनेत त्यांचा आवाज होता आणि वाढीव ग्रेड वेतन घेऊन त्यांनी दहा वर्षांच्या आसपास काम केले होते. घरोघरी मागणी बिले पोहोचवणे आणि रोख वसुली करणे ही जोखीम आहे, असा कर विभागातील लिपिकांचा युक्तिवाद होता. समितीने कामाची नोंद पाहिली. ही जोखीम खरी होती, पण ती कर विभागातच होती. वाढीव श्रेणी मात्र सर्व विभागांना मिळाली होती. त्यामुळे पद म्हणून लिपिकाची समकक्षता एस-6 शीच ठरली.

मग संरक्षणाचा प्रश्न आला. लिपिकाला एस-6 मध्ये घेऊन, आधीच्या वेतनाच्या जवळ येणाऱ्या टप्प्यावर बसवावे, अशी मागणी झाली. म्हणजे नुकत्याच रुजू झालेल्या लिपिकाला 26,000 रुपयांच्या टप्प्यावर बसवायचे. लेखापरीक्षकांनी दाखवून दिले की एस-6 मध्ये 19,900 वरून 26,000 पर्यंत जाण्यास नऊ वेतनवाढी लागतात, आणि अशी वेतननिश्चिती म्हणजे नऊ वेतनवाढी आगाऊ देणे होय. दुसरा मार्ग वैयक्तिक वेतनाचा होता: मूळ वेतन 19,900 धरायचे, फरकाचे 5,600 रुपये वैयक्तिक वेतन म्हणून द्यायचे आणि पुढच्या वेतनवाढींमधून ते सामावून घ्यायचे. त्याचा परिणामही तेवढाच कठोर होता, कारण या हिशेबाने कर्मचाऱ्याच्या एकूण मूळ रकमेत आठ वर्षे काहीच वाढ दिसणार नव्हती.

येथे समितीतील एका कनिष्ठ लेखाधिकाऱ्याने एक मुद्दा मांडला आणि चर्चेची दिशा बदलली. राज्याच्या सुधारित सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेत 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर वरच्या श्रेणीचा लाभ मिळतो आणि महापालिकेने ही योजना स्वीकारलेली होती. लिपिकाच्या पदोन्नतीचे पद वरिष्ठ लिपिकाचे, म्हणजे एस-8 चे. ज्याची सेवा दहा वर्षांहून अधिक झाली आहे त्याला एस-8 प्रमाणित व्यवस्थेतही मिळतच होता. त्यामुळे ज्येष्ठ लिपिकांपुरता मूळ वाद जवळजवळ संपला. मात्र ज्यांना वाढीव 2,400 ग्रेड वेतनाच्या आधारे त्याच्याही पुढचा लाभ दिला गेला होता, त्यांची प्रकरणे एकेक करून पुन्हा तपासावी लागली आणि सेवापुस्तकांतील जुन्या, खाडाखोड झालेल्या नोंदींमुळे ते काम लांबले.

उरले दहा वर्षांच्या आतले तरुण लिपिक. त्यांच्यासाठी वैयक्तिक वेतनाचा मार्ग ठरला आणि त्या रकमेवर महागाई भत्ता मिळावा अशी शिफारस शासनाकडे गेली. मला हा भाग आजही अस्वस्थ करतो. चुकीचा ठराव ज्यांच्या काळात झाला ते ज्येष्ठ या तपासणीतून बहुतांशी सुखरूप बाहेर पडले आणि ज्यांचा त्या ठरावाशी काहीही संबंध नव्हता, ज्यांनी जाहिरातीतील वेतनश्रेणी वाचून अर्ज केला होता, त्यांच्यावर सर्वाधिक भार आला.

भत्ते

भत्त्यांच्या बाबतीत लेखाविभागाची पहिली टिपणी सरसकट होती: शासनमान्यता नसलेला प्रत्येक भत्ता बंद करावा. त्या यादीत सफाई कामगारांचा घाणभत्ता, धुलाई भत्ता, अग्निशमन जवानांचा रात्रपाळी भत्ता, अधिकाऱ्यांचा वाहन भत्ता आणि दूरध्वनी भत्ता एकाच ओळीत आले होते. ही यादी तशीच मंजूर झाली असती तर गटारात उतरणाऱ्या माणसाच्या पगारातून सर्वांत आधी पैसे गेले असते.

समितीने एकच प्रश्न विचारला: हा भत्ता केलेल्या कामाशी जोडलेला आहे की पदाच्या मानाशी? कामाशी जोडलेले भत्ते वेगळ्या प्रस्तावात, त्या कामाच्या वर्णनासह आणि टक्केवारीऐवजी ठरावीक रकमेत मांडले गेले. पदाच्या मानाशी जोडलेले भत्ते बंद करण्याची शिफारस झाली. त्यात समितीतील अधिकाऱ्यांचेही भत्ते होते, आणि त्यांनी ते सोडले हे नोंदवणे आवश्यक आहे, कारण त्यानंतर संघटनांच्या बैठकींतील सूर बदलला. घरभाडे भत्त्याला मात्र हा निकष लागत नव्हता. तो शहराच्या वर्गीकरणावर अवलंबून आहे. पाच लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या शहराला 8 टक्के दर लागू होता आणि शेजारच्या मोठ्या शहराचा दर मागणे कायद्यात बसत नव्हते.

दिवाळीच्या सानुग्रह अनुदानाचा विषय समितीने हाताळला नाही. तो वेतनाचा भाग नाही, असे कारण दिले गेले. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण आस्थापना खर्चात तो येतोच, आणि दरवर्षी ऐन सणाच्या तोंडावर वाटाघाटी करून रक्कम ठरवण्याची पद्धत त्यामुळे तशीच राहिली.

झालेल्या जादा प्रदानाची वसुली

आधीच्या वर्षांत दिलेली जादा रक्कम वसूल करावी, असा लेखाआक्षेप होता. विधी विभागाने सर्वोच्च न्यायालयाचा 18 डिसेंबर 2014 चा पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह हा निकाल समोर ठेवला. गट क व ड मधील कर्मचारी, निवृत्त किंवा वर्षभरात निवृत्त होणारे कर्मचारी, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ चाललेले जादा प्रदान, अशा स्थितींत वसुली करता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. त्याचवेळी 2016 मधील जगदेव सिंग प्रकरणात न्यायालयाने असेही सांगितले की वेतननिश्चितीच्या वेळी जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र देणारा अधिकारी त्या हमीपत्राने बांधलेला असतो. त्यानुसार गट क व ड साठी वसुली नाही, आणि वरच्या गटांतील अधिकाऱ्यांबाबत हमीपत्र पाहून स्वतंत्र निर्णय, अशी विभागणी झाली. या वेळच्या विकल्पपत्रासोबत (नवी वेतनश्रेणी स्वीकारण्याचा पर्याय देण्याच्या अर्जासोबत) सर्वांकडून स्पष्ट मराठीतील हमीपत्र घेण्यात आले आणि त्याचा अर्थ विभागवार बैठकींत समजावून सांगितला गेला.

परिणाम

प्रस्ताव शासनाकडे गेल्यानंतर दोनदा त्रुटींसह परत आला. अखेर मिळालेल्या मंजुरीत पहिल्या दोन गटांची समकक्षता जवळपास जशीच्या तशी स्वीकारली गेली. मुकादमांचा अंतर्गत क्रमाचा तर्क मान्य झाला. व्हॉल्व्हमनबाबत सेवाप्रवेश नियम आधी सुधारावेत, असे सांगून निर्णय राखून ठेवला गेला. कामाशी जोडलेले भत्ते ठरावीक रकमेत मंजूर झाले. तरुण लिपिकांच्या वैयक्तिक वेतनाला मान्यता मिळाली, त्यावरील महागाई भत्त्याला मिळाली नाही. काही लिपिकांनी उच्च न्यायालयात याचिका दाखल केल्या. थकबाकी हप्त्यांनी देण्याचे ठरले, आणि पहिला हप्ता मालमत्ता कराच्या वसुलीवर अवलंबून ठेवल्यामुळे उशिरा मिळाला.

आस्थापना खर्च लगेच 35 टक्क्यांखाली आला नाही. तो येईल अशी अपेक्षाही नव्हती. नवीन नेमणुका प्रमाणित श्रेणीत होऊ लागल्याने तो हळूहळू उतरेल, असा अंदाज होता. मात्र या टक्केवारीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. शहराची बरीचशी सफाई कंत्राटदारांचे कामगार करतात. त्यांचा मोबदला आस्थापना खर्चात मोजला जात नाही आणि वेतन प्रमाणीकरणाचा एकही शब्द त्यांना लागू होत नाही. त्यांना आधार आहे तो कायद्याने ठरलेल्या किमान वेतनाचा. कायम पदे रिकामी ठेवून कंत्राट वाढवले की टक्केवारी सुधारते, आणि प्रमाणित वेतनाची कक्षा मात्र दरवर्षी लहान होत जाते.

वेगळे काय करता आले असते

सहाव्या आयोगाच्या वेळीच ठराव शासनमान्यतेसाठी पाठवला असता तर हा वाद एवढा वाढला नसता. पण ते या समितीच्या हातात नव्हते. जे हातात होते त्यापैकी पहिली गोष्ट भरतीची. 2019 मध्ये तपासणी सुरू झाली तेव्हाच लिपिकांच्या जाहिरातींत 'वेतनश्रेणी शासनमान्यतेच्या अधीन' असा उल्लेख घालायला हवा होता. तो न घातल्यामुळे तपासणी चालू असताना रुजू झालेल्यांनाही जुन्या श्रेणीचे वचन दिले गेले.

दुसरी गोष्ट क्रमाची. समितीने श्रेणी आधी ठरवल्या आणि सेवाप्रवेश नियम नंतर सुधारायचे ठरवले. व्हॉल्व्हमनचा प्रश्न त्यामुळेच अडकला. कर्तव्ये, अर्हता आणि प्रशिक्षण नियमांत आधी नोंदवले असते तर समकक्षतेला कागदाचा आधार मिळाला असता. जी महापालिका आज आपला आकृतिबंध, म्हणजे पदांचा तक्ता, मंजुरीसाठी पाठवत आहे, तिने प्रत्येक पदाशेजारी राज्यातील समकक्ष पद, आणि तसे पद नसेल तर तुलनेसाठी घेतलेले पद व त्याचे कारण, असा रकाना त्याच तक्त्यात ठेवावा. तक्ता मंजूर होतानाच समकक्षताही मंजूर होते आणि पुढच्या वेतन आयोगाच्या वेळी वाद नव्याने सुरू होत नाही.

तिसरी गोष्ट कालमर्यादेची. कर्मचाऱ्यांना टप्पे आणि तारखा आधी सांगितल्या असत्या, आणि कोविडमुळे त्या बदलल्यावर बदलही लेखी कळवला असता, तर याचिकांपैकी काही तरी टळल्या असत्या, असे संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनीच नंतर सांगितले.

तरुण लिपिकांच्या बाबतीत आणखी एक मार्ग तपासला गेला नाही. वरिष्ठ लिपिकांची अनेक पदे रिक्त होती. पदोन्नतीच्या बैठका वेळेवर घेऊन ती भरली असती तर पात्र लिपिक नियमानेच एस-8 मध्ये गेले असते आणि वैयक्तिक वेतनावर अवलंबून राहणाऱ्यांची संख्या कमी झाली असती. समितीच्या अहवालानंतर या बैठका सुरू झाल्या आहेत, आणि ज्येष्ठता यादीवरील हरकतींची सुनावणी आता आस्थापना विभागात चालू आहे.